गुरुवारच्या वाचनाला ‘तो’ नको म्हणतात, काय करू?

धायरीकर_काका:
नमस्कार. वय 66, बँकेतून निवृत्त. आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये सहा वर्षं दर गुरुवारी सात ते आठ ज्ञानेश्वरी वाचतो. अकरा-बारा डोकी. त्यातली दोन-तीन नंतरच्या चहासाठी येतात, पण येतात.

मे महिन्यात तिथली ट्यूब बदलायला एक पोरगा आला. काम झालं तरी शिडीला टेकून ऐकत राहिला. पुढच्या गुरुवारी स्वच्छ शर्ट घालून हजर. मुसलमान आहे. शाळा मराठीतून झालेली, ओवी आमच्यातल्या काहींपेक्षा चटकन कळते. चौथ्या वेळी बारावा अध्याय चालू होता, ‘अद्वेष्टा सर्वभूतानां’. त्यानं विचारलं, “काका, द्वेष करत नाही म्हणजे रागपण येत नाही का?” सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. “पुढच्या वेळी बघू” म्हणालो. खरं म्हणजे उत्तर येत नव्हतं.

त्याच रात्री ग्रुपवर एका सभासदाचा मेसेज: “वाचन आहे की धर्मशाळा?” खाली दोन अंगठे. हाच माणूस हिच्या ऑपरेशनच्या वेळी तीन रात्री माझ्याबरोबर बाकड्यावर बसला होता. त्याला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. मग मी काय केलं, तर पोराला फोन. “वातावरण निवळेपर्यंत थोडे दिवस थांब.” “चालेल काका,” म्हणाला. बास.

दोघांनाही धरून कसं ठेवू? उपदेश नको, अनुभव सांगा.

सोसायटी_नियमावली:
क्लब हाउस सभासदांचं. बाहेरच्याला आणायचं तर कमिटीला विचारा. धर्माचा प्रश्नच येत नाही.

धायरीकर_काका:
तिघे शेजारच्या सोसायटीतून येतात. त्यांच्याबद्दल कमिटीला कुणी विचारलं नव्हतं हो.

एकच_प्रश्न:
ते तुम्हाला त्यांच्याकडे बसू देतील का?

नानापेठेची_लेक:
वरच्यांना चहा द्या कुणीतरी.

काका, माझं माहेर निवडुंग्या विठोबाजवळ. तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की आमच्या जिन्यातसुद्धा माणसं झोपायची. ही पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी होते. आमच्या आजीनं हे ‘सलोखा’ वगैरे म्हणून कधी सांगितलं नाही. वाटेत मामाचं घर लागतं तसं सांगायची. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद तर स्वतःच म्हणून गेले, ‘शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद’. (अविंध म्हणजे मुसलमान.)

पण हे त्या गृहस्थांना ऐकवू नका! संत काढून भांडलं की समोरचाही काहीतरी काढतो. सासऱ्यांशी मी चार वर्षं असं भांडले, पदरात पडला अबोला. आमचं सुटलं ते भलत्याच गोष्टीनं. त्यांना दिसेनासं झालं आणि रोज हरिपाठ वाचून दाखवायला मी. अर्थ सांगायचा नाही, नुसतं वाचायचं, अशी अट त्यांनीच घातली.

तुम्ही ‘अद्वेष्टा’वरच आहात ना? तिथंच पुढं पाणी येतं बघा. गाईची तहान भागवू आणि वाघाला विष होऊन मारू, असं पाण्याला ठाऊकच नसतं. तुमच्या गुरुवारात वाघ कोण ते तुम्ही मनाशी ठरवून टाकलंय. (थांब म्हणून फोन मात्र तुम्ही केलात. राग मानू नका.) त्या ओव्या वाचायला त्या गृहस्थांनाच द्या. आणि पोराला निरोप नको, स्वतः फोन करा.

धायरीकर_काका:
राग नाही. दोन दिवस झोंबलं.

काल त्यांच्याकडे गेलो. “या गुरुवारी वाचन तुमच्याकडे, आणि त्या पोराला मी बोलावणार आहे,” एका दमात सांगून टाकलं. बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले. मग म्हणाले, “माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, मोठ्या टायपाची प्रत आणा.” येतील की नाही, देव जाणे.

पोराला फोन केला. कामावर होता, मागे ड्रिल चालू. माफी मागायला मी शब्द जुळवत होतो, तोवर त्यानंच विचारलं, “कुठवर आलं काका?”
“अजून तेराव्या श्लोकावरच.”
“मग रागाचं राहिलंय,” म्हणाला.