डाग चोळल्यावर फुगतात, म्हणजे पित्तच असं नाही
काही जण म्हणतात की बाळाच्या अंगावरचे तपकिरी डाग चोळले की फुगतात, म्हणजे पित्त. मला हे पटत नाही. पित्ताच्या गांधी काही तासांत विरतात. हे डाग महिनोन्‌महिने तिथेच असतात. त्वचेत साचलेल्या मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) घर्षणाने हिस्टामाइन हे सूज आणि खाज आणणारं रसायन सोडतात, म्हणून ती सूज. या आजाराला मास्टोसायटोसिस म्हणतात. कधी एकच गाठ, कधी अंगभर ठिपके. क्वचित सुटे डाग नसतातच. सगळी कातडी जाड, संत्र्याच्या सालीसारखी होते आणि फोड येतात. हा प्रकार खरा जपण्याचा. बहुतेक मुलांचे डाग वयात येईपर्यंत फिके पडतात. पण कृपा करून खात्रीसाठी ते चोळत बसू नका, कढत पाणी टाळा, आणि आयबुप्रोफेन (वेदना-तापावरचं औषध) किंवा भूल देण्याआधी डॉक्टरांना हा आजार सांगाच.