गच्चीवरचा रविवार आणि टँकरची गोष्ट

शनिवार

सेक्रेटरी (ए-१०२): उद्या टँकर ९ वाजता. गेटसमोर गाड्या लावू नयेत 🙏

स्मिता (बी-३०४): उद्या ५ वाजता गच्चीवर माझ्या चित्रपुस्तकाच्या गोष्टीचा सातवा खर्डा वाचतेय. ३ ते ७ वर्षांची पोरं पाठवा. मोठ्यांनी मागे बसायचं आणि 'छान छान' म्हणायचं नाही.

नेनेकाका (सी-१०१): सातवा? सहाव्यात काय बिघडलं होतं?

स्मिता: चौथ्या पानावर अर्णव उठून कबुतरांमागे गेला. त्याच्यामागे आणखी तिघं. मी आपली वाचतेय, समोर फक्त तुम्ही आणि जोशीकाकू.

अर्णवची आई (डी-२०२): अय्यो सॉरी गं 🙈

स्मिता: सॉरी कसलं, उपकार झाले! त्या पानावर ढगांचं वर्णन होतं, सलग ९ ओळी. ढग चित्रात दिसणारच आहेत, मी कशाला सांगत बसले? अख्खं पान उडवलं.

जोशीकाकू (बी-१०१): मला नाही पटलं. मुलांच्या कानावर चांगली भाषा नको का पडायला? आमच्या वर्गात निबंधातल्या वर्णनाला मी वेगळे मार्क द्यायचे.

स्मिता: भाषा हवीच काकू. पण चित्राला जे जमत नाही ते शब्दांनी करायचं. आवाज, वास, गोष्टीतल्या चिमीच्या मनात काय चाललंय ते. पाइपाचा आवाज तुम्हीच दुरुस्त केलात ना?

जोशीकाकू: हो तर! 'भळाभळा' लिहिलं होतंस. भळाभळा रक्त वाहतं बाई, टँकरचं पाणी नाही.

अर्णवची आई: मग काय ठरलं शेवटी? बदाबदा?

स्मिता: ते पोरांनी ठरवलं. पाइपातून आधी हवा येते, मग पाणी. म्हणून 'फस्स्स... भकाक!' शब्दकोशात नसेल, पण गच्चीवर पंधरा मिनिटं तेवढंच चाललं होतं.

सेक्रेटरी: एक नम्र आठवण. हा ग्रुप पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स यासाठी आहे.

स्मिता: काका, गोष्ट टँकरचीच आहे.

सेक्रेटरी: मग चालू द्या. शेवटी 'पाणी वाचवा' येतं ना?

स्मिता: दुसऱ्या खर्ड्यात होतं. ते वाक्य आलं की पोरं चपला शोधायला लागायची. काढलं. गंमत म्हणजे एका प्रकाशकाकडून गोष्ट परत आली ती 'बोध स्पष्ट नाही' म्हणून.

सेक्रेटरी: मला तो प्रकाशक बरोबर वाटतो.

स्मिता: वाटू दे 😄 'पाणी वाचवा'ची पाटी मी गेटवर रंगवून देते. गोष्टीत नाही घालणार.

डी-४०२: चित्रं कोण काढणार? आमचा रोहन फार सुंदर काढतो.

स्मिता: त्याला उद्या नक्की पाठवा. पण चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशकच निवडतात. लेखकाने मजकूर द्यायचा, आणि चित्रात काय दिसायलाच हवं ते अगदी गरज असेल तिथेच लिहायचं. मी आधी प्रत्येक पानाला 'चिमीचा फ्रॉक पिवळा' असं लिहीत होते. पिवळ्याचा गोष्टीशी काही संबंध नव्हता, मला आवडतो एवढंच.

नेनेकाका: पानांचं गणित जमलं का?

स्मिता: तुमच्यामुळेच. ते इथे एकदा सांगा ना, परवा डी-४०२ विचारत होते की ३२च पानं का.

नेनेकाका: चाळीस वर्षं छपाईत गेली म्हणून सांगतो. मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं छापायची, घड्या घालायच्या, कापायचं. हा झाला एक फर्मा. दोन फर्मे म्हणजे ३२ पानं, मधोमध पिना मारल्या की पुस्तक तयार. दीड फर्म्यात २४ होतात, तीही चालतात. पण ३३वं पान लिहिलं तर त्या एका पानासाठी नवा कागद मशीनवर चढवावा लागतो, तो खर्च कोण करणार? त्यातून नावाचं पान, श्रेयाचं पान वजा करा. गोष्टीला उरतात जेमतेम १२ ते १४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन-दोन पानांच्या जोड्या. हिने पहिल्यांदा २० जोडपानांची गोष्ट आणली होती.

स्मिता: मग काकांनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजू कापून, शिवून मला डमी करून दिली. त्यात मजकूर चिकटवला तेव्हा कळलं की 'टँकर आला!' डाव्या-उजव्या पानावर समोरासमोर पडत होतं. पोरांना आधीच दिसायचं. आता उजव्या पानाच्या शेवटी 'कसला आवाज येतोय?' आणि पान उलटलं की टँकर.

जोशीकाकू: 'किशोर'ला पाठव ना. बालभारतीचं मासिक आहे, १९७१पासून निघतंय. वर्गात मी नेहमी वाचून दाखवायचे.

स्मिता: त्याचे वाचक जरा मोठे असतात काकू. माझी मंडळी अजून अक्षरं ओळखतायत.

अर्णवची आई: मग प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर टाक. अर्णवला मी तिथलंच वाचून दाखवते, फुकट आहे.

स्मिता: तिथे मी दोन गोष्टी हिंदीतून मराठीत आणल्यात, खरी शिकवणी तीच झाली. पहिल्या पातळीची, म्हणजे नवशिक्या वाचकांची गोष्ट २५० शब्दांच्या आत. माझी टँकरची गोष्ट सुरुवातीला ९०० शब्दांची होती, आता २४० आहे. पण ही तिथे नाही टाकणार. तिथला परवाना मुक्त असतो, श्रेय देऊन कुणीही छापू शकतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ही प्रकाशकाला द्यायचीय.

रविवार

जोशीकाकू: मी काही बोलले नाही हं आज. पण ते ढगांचं पान गेल्याचं वाईट वाटलं, सांगून ठेवते.

नेनेकाका: अर्णव?

स्मिता: नवव्या जोडपानापर्यंत बसला! मग उठला. कबुतरं नव्हती, त्याला तक्रार करायची होती. टँकरच्या मागे 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं असतं, ते माझ्या गोष्टीत कुणी वाचत कसं नाही? चिमी एवढा वेळ टँकरमागून, रस्त्यावरच्या ओल्या रेघेवरून चालतेय आणि समोर लिहिलेलं तिला दिसत नाही?

अर्णवची आई: सध्या तो रिक्षांच्या मागचंही वाचतो गं 😅

स्मिता: म्हणजे आठवा खर्डा.

सेक्रेटरी: मंगळवारचा टँकर ७ ऐवजी साडेआठला. आणि ड्रायव्हर विचारत होता, गोष्टीत त्याचं नाव आहे का.

स्मिता: नाव नाही. मिशा आहेत.