‘शुद्ध बोलता हो तुम्ही!’ : कौतुक की टोमणा?

पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत एक बाई मला म्हणाल्या, "लातूरच्या असून किती शुद्ध बोलता हो तुम्ही!" मी थँक्यू म्हणून मोकळी झाले. परत येताना बसमध्ये ते ‘असून’ टोचायला लागलं. ‘गरीब असून प्रामाणिक’ म्हणतो ना, त्यातलंच हे. कौतुक ‘शुद्ध’मध्ये आहे असं वाटतं, पण सगळं बोलणं ‘असून’मध्ये आहे.

दिवाळीला गावी गेले. चुलतीला विचारलं, "काकू, काय करतेयस?" ती भाकरी थापता थापता थांबली. "काय गं, लईच शुद्ध बोलूलालीस!" शब्द तोच, पण इथं त्याचा अर्थ ‘आता तू आमच्यातली राहिली नाहीस’. मी घाईघाईनं ‘काय करूलालीस’वर आले, तेव्हा कुठं भाकरी तव्यावर पडली.

मला मुळात ‘शुद्ध’ हा शब्दच खटकतो. ‘अशुद्ध’ म्हणजे नुसतं चुकलेलं नव्हे, त्याला विटाळाचाही वास येतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याची बोली वेगळी आहे एवढंच म्हणा की. ‘प्रमाण’ हा शब्द त्या मानानं बरा, निदान तो कुणाला आंघोळ घालायला जात नाही.

हे प्रमाणसुद्धा कचेरीच्या मागं मागं फिरतं. आपल्याकडं मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. सरकारी कामकाज उर्दूत, आणि १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणंही उर्दूतूनच. माझ्या आजोबांना एखाद्याचं बोलणं फार आवडलं की ते म्हणायचे, "जबान साफ हाय गड्याची." ही साफ जबान म्हणजे उर्दू. मराठी काय, घरात आणि रानात सगळेच बोलायचे. तिची तारीफ कोण करणार?

गावात चांगल्या बोलण्याला शब्द आहेत, पण त्यात शुद्धाशुद्धाचा संबंध नाही. ‘तोंडात साखर हाय’ हे मनापासूनचं. ‘गोडबोल्या’ म्हटलं की समजायचं, याला उधार द्यायचं नाही. पोरगा चार लोकांत बोलला तर ‘बोलका’, पोरगी बोलली तर ‘तोंडाळ’. यावर वेगळं लिहावं लागेल, आत्ता नको.

सगळ्यात सांभाळून ऐकायचं ते ‘बोलायला चांगला’. सोयरिकीच्या वेळी मध्यस्थ "पोरगं बोलायला चांगलं हाय" एवढंच म्हणून सुपारी कातरायला लागला, की पोरीचा बाप जमिनीची आणि नोकरीची चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.