ब्रिटनमधील लोकर-महोत्सव: आईला कुठे कुठे न्यावे?

सुलट_उलट (लीड्स):

नमस्कार. माझी आई एप्रिलच्या मध्यास सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहे. ती गेली चाळीस वर्षे विणकाम करते; घरातल्या प्रत्येक बाळाचे टोपडे, मोजे आणि स्वेटर तिच्याच सुयांवरून उतरलेले आहेत. मात्र आपल्याकडच्या दुकानांत 'लोकर' म्हणून तिला जी मिळत आली, ती बहुतेक ॲक्रिलिकची. मेंढीची खरी लोकर तिने फारच थोड्या वेळा विणली आहे, म्हणून या मुक्कामात तिला इथल्या लोकर-महोत्सवांना न्यावे असे मनापासून वाटते. माझ्या यादीत एप्रिलअखेरचे वेल्समधील वंडरवूल, जूनअखेरचे कंब्रियातील वूलफेस्ट, आणि सप्टेंबरअखेरीस येणारे स्किप्टनचे यार्नडेल व स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरचा वूल वीक अशी चार नावे आहेत. चारही खर्चात बसणार नाहीत. आईचे गुडघे दुखतात आणि इंग्रजी तिला जेमतेम समजते. आपण कोणते दोन निवडाल, आणि का?

चाती_आणि_चरखा (कार्लाइल):

तुमच्या आईंना खरी लोकर म्हणजे काय हे दाखवायचे असेल, तर पहिली निवड वूलफेस्टची करा. हा महोत्सव २००५ पासून कॉकरमथच्या गुरांच्या लिलावबाजारात भरतो. एरवी जिथे मेंढ्या उभ्या करतात त्याच लोखंडी कठड्यांच्या खणांत विक्रेते आपली दुकाने मांडतात, आणि त्याच छपराखाली निरनिराळ्या दुर्मिळ जातींच्या मेंढ्याही पाहायला मिळतात. त्यामुळे मेंढी, तिची कातरलेली लोकर, पिंजलेला पेळू, कातलेला धागा आणि विणलेले वस्त्र असा सगळा प्रवास काही पावलांच्या अंतरात डोळ्यांसमोर येतो. भाषेची चिंता करू नका. मी गेली कित्येक वर्षे तिथे जाते. एखादी बाई चरख्यावर बसलेली असते, दुसरी शेजारी उभी राहून तिचे हात पाहते, आणि पाच मिनिटांत दोघींचे एकमेकींना सगळे कळलेले असते.

तिथे हर्डविक मेंढीची लोकर आईंच्या हातात आवर्जून द्या. ही लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवरची काटक जात आहे. हिची कोकरे काळी जन्मतात आणि वयाबरोबर करडी होत जातात. लोकर इतकी राठ की गळ्याशी घेववत नाही. ती सतरंज्या, पिशव्या आणि जाड बाह्यवस्त्रांसाठी वापरतात. सांगलीच्या बाईला ती परकी वाटणार नाही, कारण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अशीच राठ असते आणि धनगरांची घोंगडी तिच्यापासूनच होते. त्यानंतर लगेच ब्लूफेस्ड लेस्टरची मऊ, चमकदार लडी त्यांच्या दुसऱ्या हातात द्या. एकाच प्राण्याच्या दोन जातींत केवढे अंतर असते, हे बोटांना जसे कळते तसे वाचून कळत नाही.

एक अडचण सांगते. कॉकरमथला रेल्वे नाही. पेनरिथपर्यंत गाडीने येऊन पुढे बस घ्यावी लागते. महोत्सव शुक्रवार आणि शनिवार असा असतो. गुडघ्यांचा विचार करता शुक्रवारी सकाळी जा आणि दुपारी मुक्कामी परता.

उत्तरवारा (ॲबर्डीन):

शेटलंडचा मोह मला समजतो, कारण मी स्वतः दोनदा गेलो आहे. तरीही या वर्षी तो टाळा, असेच सुचवीन. ॲबर्डीनहून शेटलंडमधल्या लेरविक गावाची बोट संध्याकाळी सुटते आणि रात्रभर उत्तर समुद्रातून जाऊन सकाळी पोहोचते; समुद्र खवळलेला असेल तर वयस्क माणसाला ती रात्र जड जाते. शिवाय तिथले कार्यक्रम एका मंडपात नसून बेटभर विखुरलेले असतात, आणि चांगल्या कार्यशाळांच्या जागा पुष्कळ आधी भरतात. तिथे गेलात तर निदान आठवडा हाताशी हवा, कारण जाण्याचे सार्थक खरेदीत नाही. लेरविकच्या संग्रहालयात उन्स्ट बेटावरच्या विणकरणींची नाजूक जाळीची शाल तुम्ही पाहता. अशी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येते. मग एखादी आजी कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला चामडी पट्टा बांधून, त्याच्या भोकात सुईचे टोक रोवून, बोलता बोलता फेअर आइल या तिथल्या बेटाच्या नावाची रंगीत नक्षी विणताना दिसते. त्या नक्षीत रंग कितीही दिसले तरी एका ओळीत सहसा दोनच धागे चालतात. पूर्वी तिथल्या बायका पाठीवर पीटच्या (दलदलीतून काढलेल्या जळणाच्या मातीच्या) टोपल्या वाहतानाही विणत असत, आणि तो पट्टा नसता तर ते शक्य झाले नसते. हे सारे घाईने पाहण्यासारखे नाही.

यार्नडेल आणि वूल वीक बहुधा एकाच आठवड्याच्या शेवटी येतात, त्यामुळे निवड तशीही करावीच लागेल. लीड्सहून स्किप्टन रेल्वेने पाऊण तासावर आहे. गावाच्या नावाचा मूळ अर्थच 'मेंढ्यांचे गाव' असा आहे. तिथे जा.

लडी_गुंडा (ब्रॅडफर्ड):

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. खरेदीविषयी थोडेसे. लडीचे वजन पाहून घेऊ नका, लांबी पाहा: १०० ग्रॅमच्या फोर-प्लाय (बारीक धाग्याच्या) लडीत साधारण ४०० मीटर धागा असतो, तर तेवढ्याच वजनाच्या डीकेमध्ये (त्याहून जाड धाग्यात) २२५ मीटरच्या आसपास. स्वेटरसाठी घेत असाल तर सर्व लड्या एकाच रंगणीच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, घ्या. हाताने रंगवणाऱ्यांकडे तीच छटा पुन्हा मिळेलच असे नसते. वंडरवूल सोडून द्यायला हरकत नाही, कारण आई एप्रिलच्या मध्यास येणार आणि लगेच एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही. त्याऐवजी लीड्समधील आर्मली मिल्सचे संग्रहालय दाखवा. एके काळी ती जगातली सर्वांत मोठी लोकरीची गिरणी होती.

सुलट_उलट (लीड्स):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वूलफेस्ट आणि यार्नडेल निश्चित केले. काल फोनवर आईला हर्डविकविषयी सांगितले, तेव्हा तिने आटपाडीकडून येणाऱ्या घोंगडीवाल्याची आणि घोंगडीला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीच्या वासाची आठवण काढली. तिचा एकच प्रश्न आहे: सुया तिथून आणाव्यात, की इथे घ्याव्यात?

लडी_गुंडा (ब्रॅडफर्ड):

सवयीच्या सुया अवश्य आणू द्या. फक्त क्रमांकांचा घोळ होऊ नये म्हणून एवढे लिहून ठेवा: आपल्याकडे जुने ब्रिटिश क्रमांक चालतात आणि त्यांत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, पण इथले आजचे नमुने मिलिमीटरमध्ये असतात. दहा नंबरची सुई म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि आठ नंबरची म्हणजे ४ मिलिमीटर.