‘मी बाई नाही का?’ मराठीत घ्यावं की गाळावं?

शिळाछाप
गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वक्त्या सोजर्नर ट्रूथ यांचं ॲक्रनचं (ओहायो, २९ मे १८५१) भाषण मराठीत आणताना ‘मी बाई नाही का?’ हे पालुपद घेऊ नये, असं माझं मत. स्त्रीहक्क परिषदेचे सचिव मरियस रॉबिन्सन यांनी २१ जून १८५१च्या ‘अँटी-स्लेव्हरी ब्यूगल’मध्ये भाषण छापलं, त्यात ते एकदाही नाही. ते येतं फ्रान्सिस गेज यांच्या पाठात (म्हणजे त्यांनी लिहून काढलेल्या भाषणात), न्यूयॉर्कच्या ‘इंडिपेंडंट’मध्ये, २३ एप्रिल १८६३ला. त्याच महिन्यात ‘अटलांटिक’मध्ये ‘अंकल टॉम्स केबिन’च्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांचा ट्रूथवरचा लेख आला आणि गेजबाईंना बारा वर्षांपूर्वीचं भाषण आठवलं! गेजच्या पाठात ट्रूथ यांची मुलं तेरा. ट्रूथना होती पाच. गेजनी दिलेली बोली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरच्या गुलामांची. ट्रूथ वाढल्या न्यूयॉर्क राज्यात, लहानपणीची भाषा डच.

कागदीघोडा
असहमत. रॉबिन्सन म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. हे कागदावर उतरवणं अशक्य, असं तो स्वतःच सुरुवातीला सांगतो. मोठ्याने वाचून पाहा, तीन-चार मिनिटांत संपतं, आणि इंग्रजी संपादकी हाताचं. गेज तर परिषदेच्या अध्यक्ष होत्या. ट्रूथ यांच्या आत्मकथनाच्या १८७५च्या आवृत्तीत गेजचाच पाठ आहे, आणि ते पुस्तक ट्रूथबाई स्वतः विकत होत्या.

शिळाछाप
विकत होत्या, वाचत नव्हत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

उंबरठा
भांडण्याआधी मापाचं वाक्य शेजारी ठेवून बघा. रॉबिन्सन: बाईची अक्कल पाइंटभर आणि पुरुषाची क्वार्टभर असली, तरी तिचं पाइंट काठोकाठ का भरू नये? गेज: माझ्या भांड्यात पाइंटच मावतं, तुमच्यात क्वार्ट, मग माझं अर्धं माप भरू न देणं हा कोतेपणा नाही का? शब्द वेगळे, भांडं तेच. म्हणजे ही प्रतिमा ट्रूथ यांचीच असणार. (क्वार्ट म्हणजे दोन पाइंट, मराठीत अच्छेर-शेर चपखल बसतं.)

मी असं करेन: मजकूर रॉबिन्सनचा, गेजमध्येच असलेलं सगळं तळटीपेत, सालासकट. वऱ्हाडी किंवा माणदेशी अजिबात नको, नाहीतर गेजचीच चूक आपण मराठीत करू. रॉबिन्सनकडे शेवटी पुरुष ससाणा आणि गिधाड यांच्या मध्ये सापडतो. तिथे ‘इकडे आड तिकडे विहीर’ लिहाल तर फसाल. आड आणि विहीर जागच्या जागी असतात. इथे एकीकडून गुलाम आणि दुसरीकडून बाई त्याच्यावर चालून येतेय.

कागदीघोडा
ससाण्याचं मान्य. पण ८ मार्चला मंचावर तळटीप कोण वाचणार? ते पालुपद होतं म्हणून तर भाषण टिकलं.

शिळाछाप
टिकलं, पण कुणाच्या शब्दांत? गुलामगिरीतूनच निसटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२चं रॉचेस्टरचं भाषण बघा. आधी लिहून काढलेलं, सभेतच ७०० प्रतींची नोंदणी झाली, पुस्तिका निघाली. शिवाय १८४७पासून हाताशी स्वतःचं वृत्तपत्र. तिथे पाठभेदाची अशी झटापट करावीच लागत नाही. ट्रूथबाईंचं बोलणं मात्र छापणाऱ्याच्या भाषेत गेलं.

उंबरठा
मग मंचासाठी वेगळी प्रत करा, वर ठळक ‘गेज, १८६३’ लिहा. तेरा मुलं मात्र तेराच ठेवा. पाच केलीत तर तो गेजचाही पाठ उरणार नाही आणि रॉबिन्सनचाही.