मांदेली, क्वार्टर आणि पाच रुपयांचा परवाना : कोकणातल्या बारमधले तुमचे अनुभव

मांडवीकर

माळा आवरायला काढला होता, जुन्या फायलीत एक बिल सापडलं. २०१२ सालचं, रत्नागिरीतल्या एका बारचं. शाई जवळजवळ उडालीय, पण वाचता येतं. क्वार्टर १, सोडा २, मांदेली फ्राय १, मसाला पापड १ आणि सगळ्यात खाली परवाना २, रुपये १०. त्याला टाचणीने ती पाच रुपयांची चिठ्ठी अजून लावलेली आहे. एक दिवसाचा दारू पिण्याचा परवाना. ज्यांनी कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे, कागदोपत्री परवान्याशिवाय घोट घेता येत नाही. पाटीवर 'परमिट रूम' लिहितात ते म्हणूनच. बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. या बारचे मालक मात्र पापभीरू, चिठ्ठी फाडल्याशिवाय बूच उघडायचं नाही.

चिठ्ठीवर माझं वय २५ आहे. मी तेव्हा तेवीसचा. बिअरला २१ चालतात, कडक दारूला २५ लागतात. वेटर मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं, कानावरचं पेन काढलं आणि न विचारता २५ लिहून टाकलं. मालक गल्ल्यावर उदबत्ती लावत होते.

बाहेर पाऊस असा की समोरचं दुकान दिसेना. मांदेली आली, स्टीलच्या ताटलीत, खालचा कागद तेलाने आरपार झालेला. मित्राने पहिली उचलली तेवढ्यात मामा वाकून कानाशी आले. "पलीकडच्या टेबलाला तुमचे सर आहेत. हलू नका." आणि दोन टेबलांमधला मळका हिरवा पडदा सर्रकन ओढला. अकरावी-बारावीला ज्यांनी आम्हाला वर्गाबाहेर उभं केलं तेच सर. आम्ही पाऊण तास आवाज न करता मांदेली खाल्ली. करून बघा कधी.

अशी सर्व्हिस नंतर पुण्यात नाही, बंगलोरात नाही. तुमचे अनुभव लिहा. चकणा, वेटर, बिल, भांडणं, काहीही. तक्रार असेल तर बारचं नाव मात्र नको.

सोडा_जास्त

गोखले नाक्याकडचा का? लाकडी जिना होता तो?

मांडवीकर

जिना होता. याच्या पुढे बोलणार नाही.

बांगड्याचं_तिखलं

मालवणाक गेल्या जुलयात पावण्यांक घेऊन बारात गेल्लंय. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, ह्या माका म्हायत नाय काय? पण पावणो हट्टाक पेटलो, सुरमईच होयी. सांगितली. वेटरान वायच माज्याकडे बघल्यान आणि म्हणालो, "भाऊ, सुरमई असा. पण ती माज्या लग्नाच्या आधीची असा."

मगे त्यानाच विचारल्यान, खारो बांगडो भाजून देव? मेनूत नव्हतो हां. त्येंच्या जेवणासाठी ठेवलेलो. निखाऱ्यार भाजल्यान, वर कच्चो कांदो आणि खोबरेल तेलाचो थेंब. पावण्यान आधी नाक धरल्यान. मगे तीन बांगडे एकट्यान खाल्ल्यान आणि बिअर तशीच गरम झाली.

मीठ_कमी

"माज्या लग्नाच्या आधीची" हाहाहा. ऑफिसात बसलोय, सगळे बघतायत.

घाटावरची_सून

माझा अनुभव बायकांनी वाचा. लग्न होऊन रत्नागिरीत आले. आमचे हे थेंब घेत नाहीत, मी उन्हाळ्यात एखादी बिअर घेते. वाढदिवसाला गेलो. ऑर्डर मी दिली, एक बिअर, एक कोकम सरबत. वेटरने बिअर ह्यांच्यासमोर ठेवली, सरबत माझ्यासमोर. आम्ही ग्लास बदलले. तो बघून गेला. दुसरी मागवली, परत तेच. आता चूक म्हणावी तर तो आमच्याकडे बघून हसलासुद्धा. तिसऱ्या खेपेला ट्रे आणला, बरोबर मधोमध ठेवला आणि पळाला.

आणि त्या फॅमिली रूमबद्दल कोणी बोलत नाही ते का? पंखा नाही, डास आहेत, एक पडदा. पडद्याच्या फटीतून सगळा बार दिसतो, बारला आम्ही दिसतो, फक्त मेनू कार्डच वाचता येत नाही एवढा अंधार. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मात्र अप्रतिम होत्या, ओलं खोबरं सढळ हाताने. घरी आल्यावर सासूबाईंना वास आलाच. मला वाटलं झालं आता. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या खाल्ल्यास ना? बांधून आणता आल्या नाहीत?"

मीठ_कमी

सासूबाई दत्तक मिळतील का?

नो_सर्व्हिस_चार्ज

सगळे गोड गोड लिहितायत, मी कडू लिहितो. मे महिना, पाहुण्यांनी गच्च भरलेलं गाव, नाव घेत नाही. एसीत बसवलं. एसी बंद, रेट एसीचा. न मागता दोन सोडे फोडले. शेंगदाण्याची वाटी फुकट असते असं आपलं समजून खाल्ली, बिलात 'पीनट ७०'. २०२३ च्या नोव्हेंबरपासून परमिट रूमच्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, ते कळतं. पण यांनी तो बांगड्यावरपण लावला होता. विचारलं तर म्हणतो कॉम्प्युटरमध्ये तसंच येतं. मी म्हटलं मग कॉम्प्युटरलाच पैसे माग.

वर लाईट गेली. फ्रिज बंद. थंड बिअर हवी म्हणून ओरडलो तर पाच मिनिटांत गार करून आणली. खूश झालो. बाटली तोंडाजवळ नेली आणि पापलेटचा वास! मागच्या अंगणात मासळीच्या पेटीतल्या बर्फात खुपसून आणली होती.

बांगड्याचं_तिखलं

मगे वायला चकणो कित्याक मागवलास? बाटलीच चाटूची.

चकणासम्राट

मी पीत नाही. पण मित्रांबरोबर प्रत्येक वेळी असतो, कारण गाडी मला चालवायची असते. माझं काम ठरलेलं, चणा कोळीवाडा संपवणे. कुडाळला एक बार आहे, तिथला म्हातारा वेटर मी बसलो की न सांगता कोकम सोडा आणतो, वर जिऱ्याची पूड. पैसे लावत नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "तुम्ही असलात की हे चार जण घरी पोचतात. परत येतात. मला गिऱ्हाईक मिळतं." हिशेब पक्का आहे माणसाचा.

सोडा_जास्त

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी चिपळूणला उतरलो. ४८ तास आधीपासून बंद, माझ्या डोक्यातच नाही. बार उघडा, पण सगळे टेबलांवर गंभीर चेहऱ्याने राईस प्लेट खातायत. देवळात आल्यासारखं वाटलं. मीपण खाल्ली. आमटी चांगली होती.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणचं नाव निघालं म्हणून लिहितो. सात वर्षं तिथे एका बारमध्ये वेटर होतो. आता रिक्षा आहे, स्टँडवर नंबर लागेपर्यंत लिहितोय, चुकलं तर माफ करा.

तुम्ही आम्हाला बघता तसं आम्ही तुम्हाला बघतो. सुट्टा पेग मागणारा माझ्या हातातल्या मापाकडे बघतो, तीस भरलं की नाही. क्वार्टर मागणारा झाकणाकडे बघतो, म्हणून सील त्याच्यासमोरच तोडायचं. कितवा चालू आहे ते मोजावं लागत नाही. पहिल्याला "ओ वेटर", दुसऱ्याला "दादा", तिसऱ्याला "भावा", आणि चौथ्यानंतर आमच्या शेठच्या खानदानाचा उद्धार. टीप कोण देणार तेपण आधी कळतं. जो मोठ्याने "ठेव रे तुला" म्हणतो तो पाच रुपये ठेवतो.

२२ जुलै २०२१. पुराचं पाणी शिरलं तेव्हा मी घरी माळ्यावर बसून होतो, बार पूर्ण पाण्याखाली. पाणी उतरल्यावर शटर अर्धं वाकवून आत गेलो. चिखल गुडघाभर, आणि त्यात बाटल्या उभ्या-आडव्या. लेबलं सगळी सुटून भिंतीला चिकटलेली. रम कुठली, व्हिस्की कुठली काही कळेना, सील मात्र शाबूत. पंचनामा झाल्याशिवाय एक बाटली हलवायची नाही, असं शेठनी बजावलं होतं. त्यामुळे बाटल्या तशाच ठेवून आजूबाजूचा चिखल काढायचा होता, विचार करा.

फावडी घेऊन पहिले कोण आले? रोज रात्री उधारीवर बसणारे चौघे. त्यांच्या घरातपण पाणी होतं. दुपारी त्यातल्या एकाला गल्ल्याखाली उधारीची वही सापडली, लगदा झालेली. त्याने ती पानं सोडवून पत्र्यावर उन्हात घातली, वर दगड ठेवून. मी म्हटलं, अरे येड्या, वाहून जाऊ दे की, सुटशील. तर म्हणाला, "हरवली तर शेठला पहिला संशय माझ्यावर येईल."

नंबर लागला, येतो.

मांडवीकर

वाशिष्ठीकाठ, पॅसेंजर सोडून परत या. वही वाचता आली का पुढे?

हुर्राक_एप्रिल

आम्ही सावंतवाडीची पोरं, पत्रादेवीचा नाका ओलांडला की आमचं परदेश. पणजीत एका गल्लीत चार टेबलांचं टॅव्हर्न, एप्रिल महिना. मी म्हटलं फेणी द्या. म्हातारा म्हणाला, आता फेणी मागणारा वेडा, आता हुर्राक प्यायची. काजूच्या बोंडाच्या रसाची पहिल्या वाफेची ती हुर्राक, हलकी, उन्हाळ्यापुरतीच, टिकत नाही. तीच परत भट्टीवर चढवली की फेणी, ती चाळिशीच्या वर जाते आणि वर्षभर मिळते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तर म्हाताऱ्याचं म्हणणं, "मानांकन आता आलं, वास आधीपासून आहे."

मोठ्या ग्लासात हुर्राक, मीठ, लिंबू, मधोमध उभी चिरलेली हिरवी मिरची, वरून लिम्का. सरबतच ते. मी सरबतासारखीच प्यायली, तीन ग्लास. बसलो होतो तोवर काही नाही. उठलो तर मी उठलो आणि पाय टेबलाखालीच राहिले. म्हाताऱ्याने परत बसवलं, रॉस ऑम्लेट आणि दोन पाव पुढे ठेवले, म्हणाला, हे संपव आणि मग शेवटची बस किती वाजता ते विचार. बस गेली होती. झोपलो त्याच्याच बाकड्यावर.

डोंबिवलीचा_चाकरमानी

हुर्राक दोन बाटल्या आणता येईल का गणपतीला? आणि गणपतीत मिळेल का?

हुर्राक_एप्रिल

वर काय लिहिलं ते वाचलंस का? उन्हाळ्यापुरतीच. आणि गोव्याची बाटली बिनपरवाना इकडे आणणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर सीटखालीसुद्धा हात घालतात. काजूगर ने, घरचे खूश होतील.

डोंबिवलीचा_चाकरमानी

ठीक. तिकिटाचं काय झालं कोणाचं? आता ६० दिवस आधीच रिझर्व्हेशन उघडतं, मी आठच्या ठोक्याला बसलो होतो, वेटिंग १८०.

मीठ_कमी

माझं २१०. एसटीच.

घाटावरची_सून

आमचे हे तिकिटासाठी दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप घेऊन बसले होते. तिन्हीकडे वेटिंग.

सोडा_जास्त

मुद्द्यावर या. मांडवीकर, सरांचं पुढे काय झालं? त्यांनी बघितलं का तुम्हाला?

मांडवीकर

सांगतो, लिहू की नको करत होतो. दोन वर्षांनी मामांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं आम्ही त्यांचे विद्यार्थी. मामा हसायला लागले. म्हणाले, पडदा मी तुमच्यासाठी नाही ओढला, सरांनीच खूण केली. सर दारू घेतच नव्हते. दर शनिवारी, साधा सोडा आणि बांगडा फ्राय. घरी कांदासुद्धा चालत नाही. त्या दिवशी आम्ही शिरलो तेव्हा त्यांचा दुसरा बांगडा अर्धा झाला होता, उठता येईना आणि टाकवेनाही.

म्हणजे पाऊण तास पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं घाम पुसत बसली होती.

चकणासम्राट

शनिवारी! मारुतीच्या वारी!

बांगड्याचं_तिखलं

सरांक सोडा, तो बांगडो कसो होतो ता विचारलास काय?

वाशिष्ठीकाठ

आलो. वही वाचता आली अर्धी. त्याचं पान पुसलेलं होतं, त्याने आकडा तोंडी सांगितला. शेठनी त्यातले पन्नास कमी लावले, आम्हा सगळ्यांना माहीत, बोललं कोणी नाही. आत्ताच तो माझ्या रिक्षातून गेला, सांगितलं तुझी गोष्ट लिहिली. म्हणाला, नाव घातलंस तर बघ.

घाटावरची_सून

तुमच्यापायी बाजारात जाऊन मांदेलीचा वाटा घेऊन आले. डोकं काढायचं की ठेवायचं? सासूबाई म्हणतात ठेव, हे म्हणतात काढ. लवकर सांगा, तवा तापलाय.

मीठ_कमी

काढ.

सोडा_जास्त

लहान असतील तर ठेव, कुरकुरीत होतात. तांदळाच्या पिठात चिमूट रवा.

बांगड्याचं_तिखलं

सासूबाईचा ऐक.