वेल्डिंग रोबोटचा प्रोग्रॅम आपोआप: लहान शेडला उपयोग आहे का?

भोसरीचा जॉबवाला:
फॅब्रिकेशनची शेड आहे. सहा अक्षांचा सेकंडहँड रोबोट घेतलाय. आमच्या ऑर्डरी तीस-चाळीस नगांच्या. एका ब्रॅकेटला 22 वेल्ड. पेंडंट (रोबोटचा हातात धरायचा कंट्रोलर) धरून एकेक पॉइंट टीच करायला, म्हणजे रोबोटला शिकवायला, पोराची अख्खी शिफ्ट जाते, आणि लॉट मात्र अर्ध्या दिवसात उरकतो. परवा एका सॉफ्टवेअरचा डेमो बघितला. थ्रीडी मॉडेल टाकलं की जोड ओळखतं, टॉर्चचा कोन, मार्ग, क्रम सगळं स्वतः बनवतं. माझं मत, लहान शेडला रोबोट परवडायचा तर याच रस्त्याने. गाडीवाल्या कंपन्यांचं काय, एकदा शिकवलं की वर्षानुवर्षं तोच जॉब.

टॅकवाला फिटर:
साहेब, डेमोतला जॉब लेझरवर कापलेला, चकाचक असणार. आपल्या प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर केलेला न्या की. ड्रॉइंगात 90 अंश, हातात 91. पत्र्याची हीट, म्हणजे पोलादाची बॅच, बदलली की स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर पत्रा परत उघडतो तो) बदलतो. मॉडेलमध्ये गॅप शून्य, टेबलावर दीड मिमी. 1.2 मिमीच्या वेल्डिंग वायरला जोड अर्ध्या वायरएवढा, म्हणजे 0.6 मिमी, सरकला तरी वेल्ड एकाच पत्र्यावर बसायला लागतो. मी हाताने मारताना गॅप दिसला की हात आपसूक आडवा हलतो, कडेला थांबतो. ते मॉडेलला कुठून कळणार? पैसे फिक्स्चरमध्ये, जॉब जागेवर घट्ट धरणाऱ्या साच्यात, घाला.

कंट्रोलवाली:
दादा, मॉडेलला नसेल कळत, रोबोटला कळतं. टच सेन्सिंगमध्ये वायरचं टोक पत्र्याला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि तेवढ्या फरकाने अख्खा मार्ग सरकतो. विव्हिंग करताना, म्हणजे टॉर्च आडवी हलवत वेल्ड मारताना, ती एका भिंतीजवळ गेली की करंट वाढतो, त्यावरून जोडाचा मध्य धरता येतो.

टॅकवाला फिटर:
ताई, जोड सरकणं वेगळं आणि गॅप फाकणं वेगळं. सरकला तर मागे जाल, फाकला तर भरणार कोण? आणि 2 मिमीच्या लॅपला (पत्र्यावर पत्रा ठेवलेल्या जोडाला) ते करंटवालं जमतं का?

कंट्रोलवाली:
पातळ लॅपला नाही जमत, मान्य. तिथे लेझर सेन्सर लागतो, आणि तो स्वस्त नाही. पण सगळेच जोड लॅपचे नसतात. बावीसातले पंधरा फिलेट (दोन पत्र्यांच्या कोपऱ्यातले वेल्ड) आपोआप झाले तर उरलेले सात हाताने टीच करा ना! सगळं नाहीतर काहीच नाही, हा हट्ट कशाला?

शिरोलीवाला:
मधेच बोलतो. आमच्याकडे पोराने टॉर्च क्लॅम्पवर आदळली, नेक किंचित वाकली. टीसीपी (रोबोट वायरचं टोक जिथे आहे असं धरतो तो बिंदू) न तपासता संगणकावरचा प्रोग्रॅम चालवला, सगळे वेल्ड 2 मिमी बाजूला. हाताने टीच करताना पोरगं वायरचं टोक जोडावर डोळ्यांनी बघतं, तेव्हाच चूक सापडते. सॉफ्टवेअर घ्या, पण रोज सकाळी टीसीपी बघणारा माणूस ठेवा.

टॅकवाला फिटर:
म्हणजे माणूस लागतोच. हेच तर म्हणतोय मी.

भोसरीचा जॉबवाला:
लागतोच हो, नाही कोण म्हणतंय? फक्त तो दिवसभर पेंडंटची बटणं दाबत बसू नये. आणि फिटरसाहेब, बेंडिंगवर तुम्ही बोट ठेवलंत ते लागलं. मागच्या लॉटमधले चार ब्रॅकेट गॅपपायीच परत आले, आणि तो लॉट हाताने टीच केलेला होता. गुरुवारी शेड बंद असते, निवांत या. ते चारही ब्रॅकेट टेबलावर ठेवलेत, गॅप मोजायचं फीलर गेज घेऊनच या.